माजघरात उतरलेलं विमान

कुकरची तिसरी शिट्टी होते न होते तोच माजघरातून हाक आली, “आई, बाराशे फूट! ये ना लवकर!”

मी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर आले. आमची थोरली संगणकापुढे ताठ बसली होती. पडद्यावर नुसता पांढराफटक ढग. त्याखाली घड्याळासारख्या सहा तबकड्या आणि शेजारी आणखी एक तबकडी, तिच्यात एक काटा उभा आणि एक आडवा. माझं काम ठरलेलं होतं. शेजारच्या स्टुलावर बसायचं आणि उंचीचे आकडे मोठ्यानं वाचायचे. “हजार... नऊशे... आठशे...” दोनशेपर्यंत धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जायचं.

“काय गं पोरी, अजून इमान खाली यीना व्हय?” सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

मैत्रिणींनो, हसू नका. मुंबईच्या धावपट्टीवर निघालेलं हे विमान दहिवडीत, आमच्या माजघरात उडत होतं. इथे माणदेशात आम्हांला ढगाकडे बघायची सवय आहे, कारण पाऊस देईल की हुलकावणी देईल हे त्याच्या रंगावरून ताडायचं असतं. पण ढगात शिरून वाट काढायची वेळ कुणावर येते? ती आमच्यावर आली ती लेकीच्या हट्टामुळे.

अट घातली ती मी

बारावी शास्त्र झालं आणि पोरीनं जाहीर केलं की तिला वैमानिक व्हायचंय. हे शाळेत शिक्षक. घरात पगार एकच. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि सगळा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, हे ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. माझं माहेर आटपाडीकडचं. भावाची डाळिंबाची बाग आहे. बाग तारण ठेवून कर्जाला जामीन राहायची त्याची तयारी होती, पण एका बोलीवर. “पोरीला हे झेपतंय हे मला दिसू दे.”

माझी धास्ती पैशापलीकडची होती. घाटात एस.टी. वळली तरी मला मळमळतं. पोटची पोर आभाळात पाठवायची म्हणजे काय! पण नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प करणं मला पटेना. आपल्या राज्यात हे नवीन थोडंच आहे? १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिलचर असं इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान नेलं, तेव्हा सहवैमानिक निवेदिता भसीन यांच्यासह विमानातले सगळे कर्मचारी बायकाच होत्या. त्यांच्याही आया माझ्यासारख्याच घाबरल्या असतील.

तेव्हा मी अट घातली. एक वर्ष घरात शीक. आणि शिकताना मी शेजारी बसणार. मला कळल्याशिवाय मी ‘हो’ म्हणणार नाही.

पेटीच्या भात्यातून निघालेली विद्या

धाकट्याच्या अभ्यासासाठी घेतलेला संगणक घरात होताच. त्याला एक जॉयस्टिक, म्हणजे हातात धरायचा दांडा, जोडला आणि विमान चालवण्याचा सिम्युलेटर त्यात घातला. मला वाटलं, हा पोरांचा खेळ. पण ह्यांनी वाचून सांगितलं तेव्हा मान डोलवावी लागली.

अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचाच थोरला भाऊ, हवेच्या भात्यावर वाजणारा. लिंकला विमान शिकायचं होतं पण शिकणं महाग. मग त्यानं ऑर्गनचे भाते वापरून एक ठेंगणं खोटं विमान बनवलं. आत बसून दांडा हलवला की ते डावी-उजवीकडे, वर-खाली कलायचं. हे १९२९ सालचं. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणंच मानलं. १९३४ साली अमेरिकेत टपाल नेणारी लष्करी विमानं खराब हवेत एकामागून एक पडली, तेव्हा लष्करानं लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटाऱ्यात बसून, बाहेरचं काही न बघता, नुसत्या काट्यांवर उडायला शिकले. त्याच १९२९ साली जिमी डूलिटल या वैमानिकानं झाकलेल्या खोलीत बसून विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलंही होतं.

पुढे घरगुती संगणक आले. १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर निघाला आणि ही विद्या लोकांच्या घरात आली. आमच्याकडे ती चाळीसएक वर्षांनी पोचली, एवढंच.

फुगडी आणि फसवणारे कान

पहिले पंधरा दिवस लेकीनं ढगाला हातच लावला नाही. स्वच्छ हवा, छोटं विमान, आणि सहा तबकड्यांची ओळख. एक वेग सांगते. एक उंची. एक दिशा. एक वर चढतोय की खाली उतरतोय ते, मिनिटाला किती फूट. एक वळण. आणि मधोमध सगळ्यांत महत्त्वाची, तिला कृत्रिम क्षितिज म्हणतात. वर निळं, खाली तपकिरी, मधे रेघ. विमान कुठे कललंय ते हिच्यावर कळतं.

नजर फिरवायची रीत अशी. मधल्या तबकडीकडे बघायचं, मग उंचीकडे, पुन्हा मधे. मग दिशेकडे, पुन्हा मधे. कुठेच रेंगाळायचं नाही. मला हे चटकन उमगलं. चार शेगड्यांवर चार पातेली असली की आपण दुसरं काय करतो? एकाच दुधाकडे बघत बसलं की पलीकडची फोडणी करपते.

मग मी स्वतः दांडा हातात घेतला. ढग लावायला सांगितला. तीन हजार फुटांवर धरून ठेव म्हणाली. मी उंचीच्या काट्याला असे डोळे लावून बसले की विमान एका बाजूला कलतंय हे दिसलंच नाही. उंची घटू लागली तसा मी दांडा आणखी ओढला, वळण आणखी घट्ट झालं, आणि पडद्यावर आलं, विमान कोसळलं. सासूबाई म्हणाल्या, “आगं, भाजी तरी नीट कर जा.”

पण मी एकटीच काही वेंधळी नाही. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं हे प्रत्यक्ष विमानात तपासलं. यंत्रांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसेनासं केलं. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. सरासरी वेळ किती? १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. मात्र थोडं शिक्षण दिल्यावर त्यांना ढगातून सुखरूप वळून येणं जमू लागलं.

असं का होतं, ते मंगळागौरीला फुगडी घातलेल्या बाईला सांगायला नको. फुगडी थांबते, पाय जमिनीवर असतात, आणि तरी घर गरागरा फिरतं. आपल्या कानाच्या आतल्या बारीक नळ्यांत पाणी असतं, त्यावरून शरीराला फिरणं कळतं. एकसारखं वळण वीसेक सेकंद चाललं की ते पाणी नळीबरोबरच फिरू लागतं आणि कान सांगतो, आपण सरळ चाललोय. मग विमान खरंच सरळ केलं की वाटतं, उलट बाजूला वळलो! बाहेर क्षितिज दिसत असलं तर डोळे कानाला गप्प करतात. ढगात ते काम काट्यांनी करायचं. वैमानिकानं स्वतःच्या अंगालाच सांगायचं, तू खोटं बोलतोयस.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. घरची खुर्ची हलत नाही. त्यामुळे काटे वाचायचं शिक्षण घरात मिळतं, पण अंग फसवतं तेव्हा काय वाटतं ते मिळत नाही. ते खऱ्या विमानात, शिक्षकाच्या शेजारी बसूनच.

रेडिओ जिथे संपतो तिथून पुढे

सहा काटे हाती आल्यावर वाट शोधायचा धडा आला. जमिनीवर ठिकठिकाणी रेडिओची केंद्रं असतात. त्यांना व्हीओआर म्हणतात. चाकाच्या आऱ्या असाव्यात तशा तिथून ३६० अंशांच्या ३६० वाटा निघतात. आपण हव्या त्या वाटेचा आकडा लावायचा, काटा मधे आला की आपण त्या वाटेवर. आता उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रं आहेत, तरी लेकीनं हे जुनंही शिकून घेतलं.

मला सगळ्यांत आवडलं ते केंद्राचं नाव ऐकणं. प्रत्येक केंद्र आपलं नाव तारायंत्राच्या कड-कट्ट भाषेत सांगत असतं. आकडा लावला की आधी ते ऐकायचं, आपलंच केंद्र आहे ना याची खात्री करायची, मगच काट्यावर विसंबायचं. दारावर थाप पडली की आपण ‘कोण?’ विचारतो आणि मग कडी काढतो, तसंच.

विमान उतरवायची वाट दाखवणारी व्यवस्था निराळी, तिला आयएलएस म्हणतात. तुमच्या रेडिओवर एफएम १०८ला संपतं ना? त्याच्या पुढच्या पट्टीत, १०८ ते ११२ मध्ये, विमानतळाची ही शलाका असते. धावपट्टीच्या टोकाकडून दोन स्वर सोडलेले असतात, एक सेकंदाला ९० कंपनांचा, दुसरा १५० चा. एका बाजूला पहिला वरचढ, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन्ही सारखे झाले की आपण बरोबर मधल्या रेषेत, आणि उभा काटा मधोमध. आडवा काटा उतार दाखवतो. उतार साधारण ३ अंशांचा असतो. एका समुद्री मैलाला, म्हणजे १.८५ किलोमीटरला, सुमारे ३०० फूट उतरायचं. पाच मैल राहिले की उंची पंधराशेच्या आसपास हवी. वेगाला पाचानं गुणलं की मिनिटाला किती फूट उतरायचं ते निघतं. ९० नॉट वेग, तर साडेचारशे फूट. हा हिशेब तर मीही तोंडी करू लागले!

मुंबईची २७ नंबरची धावपट्टी लेकीनं निवडली. सत्तावीस म्हणजे २७० अंश, सरळ पश्चिमेकडे तोंड. घाटकोपरच्या बाजूनं यायचं आणि पुढे समुद्र.

सुरुवातीला ती काट्याच्या मागे धावायची. काटा डावीकडे गेला की जोरात डावीकडे, मग तो उजवीकडे पळे. धावपट्टी जवळ येते तसतसा काटा आणखी हळवा होतो. शलाका तिथे अरुंद होते ना! मी तिला म्हटलं, “पोळी लाटतेस तसा हात ठेव. कडेला जाड राहिली म्हणून कुणी लाटणं आपटत नाही.” आणि खरं सांगते, दोन दिवसांत काटे स्थिरावले.

काटाही खोटं बोलतो तेव्हा

“म्हंजी काटा इमानानं सांगतो, तर त्याचं आयकायचं, एवढंच की,” सासूबाईंनी एकदा सार काढलं. विमानाला त्या इमान म्हणतात, आणि इमानाला इमानच. मला वाटलं, झालं, इतकं सोपं आहे.

पण ह्यांनी १ जानेवारी १९७८ची आठवण काढली. तुमच्यापैकी काही जणींनाही ती असेल. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान संध्याकाळी सांताक्रूझहून दुबईला निघालं. समोर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज नाही. मुख्य वैमानिकाचं कृत्रिम क्षितिज बिघडलं आणि विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं. त्यानं डावीकडे कलवलं, आणखी कलवलं. विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. आकाशात झेपावून दोन मिनिटंही झाली नव्हती. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. फ्लाइट इंजिनियरनं त्या यंत्रावर जाऊ नका असं सुचवलं होतं, पण वेळ उरला नव्हता. इतर यंत्रं बघून विमान सावरता आलं नाही, असं चौकशीत निघालं.

घरात कुणी बोलेना. मग लेकीनं उठून मधल्या तबकडीवर कागदाचा तुकडा चिकटवला आणि त्या रात्री तिच्याशिवाय उडायचा सराव सुरू केला. वळणाचा काटा, वेग, उंची, दिशा. चार साक्षीदारांकडून पाचव्याचं खरं-खोटं काढायचं. “एकाच काट्यावर जीव टाकायचा नाही, आई,” ती म्हणाली.

त्याच सुमारास माझी चूक झाली. रात्रीचे नऊ वाजले होते, पानं वाढायची होती. लेक घाईत उतरत होती. मी आकडे वाचत होते. “तीनशे... दोनशे...” बाहेर पांढरंच. ती खालीच चालली. मला वाटलं, तिला कळत असेल, मी कशाला मधे बोलू? दीडशे... शंभर... आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळलं.

पोर माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी. “आई, तू बोलली का नाहीस?”

मी काय सांगणार? शेजारी बसलेल्या बाईनं मधे बोलू नये, हेच आयुष्यभर शिकले होते. त्या दिवसापासून मी नियम केला. दोनशे आलं आणि धावपट्टी दिसली नाही तर मी मोठ्यानं म्हणते, “दिसत नाही. वर चल.” जेवण थंड झालं तरी चालेल. खऱ्या विमानातही दुसऱ्या वैमानिकानं असंच मोठ्यानं सांगायचं असतं.

परीक्षा

दिवाळीत भाऊ-वहिनी आले. भाऊ खुर्ची ओढून पुढेच बसला. ही खरी परीक्षा होती. लेकीनं मुद्दाम खराब हवा लावली. पाऊस, वारा, ढग अगदी जमिनीला टेकलेला. सासूबाई म्हणाल्या, “एवढं ढग आमच्या रानावर कधी आलं न्हाईत!”

तिनं आधी हवेचा दाब विचारून उंचीच्या यंत्रात लावला. तो एका आकड्यानं चुकला तरी जवळपास तीस फुटांचा फरक पडतो. मग शलाकेचं नाव ऐकलं. दोन्ही काटे मधे आले. पाचशेला विमान सुईत दोरा ओवावा तसं सरळ होतं. “चारशे... तीनशे...” धावपट्टीचा उंबरठा जेमतेम अर्धा मैल पुढे असेल.

“दोनशे. दिसत नाही. वर चल,” मी म्हटलं.

“अगं थांब, आता दिसेल, उतर की!” भाऊ खुर्चीतून अर्धा उठला.

लेकीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन पूर्ण जोरात, नाक वर, विमान चढू लागलं. पुन्हा पांढरा ढग. हजार, दोन हजार. मग तिनं शांतपणे सांगितलं की आता दुसऱ्या विमानतळावर जायचं, तेवढं इंधन मी आधीच धरलंय.

“म्हणजे उतरलीच नाही?” भाऊ हिरमुसला.

मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मामा समोर, कर्जाचा प्रश्न समोर, सगळ्यांच्या नजरा पाठीवर, आणि तरी पोर परत फिरली. मला वर्षभर हेच तर बघायचं होतं. विमान उतरवणारी मुलगी हुशार असेल, पण जी न लाजता परत फिरते तिला मी घराबाहेर पाठवू शकते.

जेवताना मी भावाला हे समजावून सांगितलं. त्यानं भाकरीचा घास हातातच धरून ठेवला. मग म्हणाला, “ताई, कागद कधी करायचे ते सांग.”

तुमच्या घरी कुणाला शिकायचं असेल तर

१. लगेच महाग सामान घेऊ नका. बरा संगणक आणि साधी जॉयस्टिक पुरते. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर फुकट मिळतो. मायक्रोसॉफ्टचा आणि एक्स-प्लेन हे विकत घ्यावे लागतात.

२. क्रम मोडू नका. आधी स्वच्छ हवा आणि सहा तबकड्या, मग ढगात सरळ उडणं, मग वळणं, मग व्हीओआर, आणि शेवटी आयएलएस. पोरं पहिल्याच दिवशी जंबो उतरवायला बघतात, तिथे थांबवा.

३. रोज पाऊण तास पुष्कळ झाला. प्रत्येक वेळी काय चुकलं ते वहीत लिहायला लावा.

४. पडद्याशेजारी एक मोठं माणूस बसू द्या. त्यानं फक्त आकडे वाचायचे आणि मर्यादा आली की बोलायचं.

५. संगणकाला इन्व्हर्टर जोडा. आमच्याकडे उतरता उतरता दोनदा वीज गेली!

६. घरचे तास परवान्यासाठी मोजले जात नाहीत. मान्यता असलेल्या संस्थेतल्या यंत्राचेच धरतात. नुसत्या तबकड्यांकडे बघायची सवय लागली तर खऱ्या विमानात शिक्षक ओरडतात. तिथे स्वच्छ हवेत बाहेर बघायचं असतं.

७. पुढे जायचं असेल तर फी भरण्याआधी सरकारमान्य वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे किंवा कान अडले तर पैसे तरी वाचतात.

लेक आता प्रशिक्षणाला गेली आहे. रविवारी रात्री फोन येतो. परवा म्हणाली, पहिल्यांदा डोळ्यांवर पडदा लावून उडाले, कान म्हणत होते डावीकडे, काटे म्हणत होते सरळ. मी काट्यांचं ऐकलं.

“एकाच काट्याचं?” मी विचारलं.

“नाही गं, सगळ्यांचं,” ती हसली.

स्टूल अजून संगणकाशेजारीच आहे. रात्री अंगणात बाजा टाकल्या की आमच्या माणदेशावरून उंचावर विमानाचा लुकलुकता दिवा जातो. सासूबाई हात कपाळाशी नेऊन बघतात आणि म्हणतात, “नीट जा गं बाई, इमानानं.”